शिडाच्या छोट्या होडीला कुठली मोटर? खलाशांची मतं कशी ऐकायची

कोणी सांगतं, होंडाच घ्या, डोळे झाकून घ्या. कोणी म्हणतं, यामाहाचे सुटे भाग जगात कुठेही मिळतात, तेव्हा प्रश्नच मिटला. तिसऱ्याला सुझुकी आवडते, कारण ती उचलताना पाठ धरत नाही. चौथा खात्रीने सांगतो की तोहात्सु घ्या आणि पैसे वाचवा. शिडाची छोटी होडी घेतलेल्या माणसाला ही सगळी मतं पहिल्या काही आठवड्यांतच ऐकायला मिळतात, आणि त्यातलं एकही खोटं नसतं. तरी ऐकणारा गोंधळतो, कारण ही चार माणसं एकाच प्रश्नाचं उत्तर देत नसतात. एकाच्या मनात टिकाऊपणा असतो, दुसऱ्याच्या मनात दुरुस्ती, तिसऱ्याच्या मनात वजन, चौथ्याच्या मनात किंमत. शिवाय प्रत्येकाची होडी वेगळी, पाणी वेगळं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. अठरा ते पंचवीस फुटी होडीसाठी मोटर घेताना शाफ्टची (इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची) लांबी, पाणी मागे ढकलणाऱ्या पंख्याचा प्रकार आणि पेट्रोलची निगा या तीन गोष्टी कव्हरवरच्या नावापेक्षा जास्त ठरवतात. मोटर वाईट निघाली असं सांगणाऱ्यांच्या तक्रारी नीट ऐकल्या, तर बहुतेकांचं मूळ या तिघांतच सापडतं. म्हणून कंपन्यांकडे वळण्याआधी मोटरचं काम समजून घेऊ.

शिडाच्या होडीला जोर हवा, वेग नको

बाजारातल्या बहुतेक छोट्या आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायच्या मोटरी हलक्या, सपाट बुडाच्या बोटी डोळ्यांसमोर ठेवून बनतात. तशी बोट वेग घेते, पाण्यावर उचलली जाते, आणि मग पाण्याचा अडथळा कमी होतो. शिडाची होडी उचलली जात नाही. खाली जड कील (बुडाचा वजनदार कणा), पोटात सामान, आणि चालायची पद्धत म्हणजे पाणी बाजूला सारत पुढे जाणं. वेग वाढला की ती स्वतःच उठवलेल्या दोन लाटांच्या मधल्या खोलगटात बसते आणि पुढची लाट चढून जाण्याइतकी ताकद तिच्याकडे नसते.

हा वेग किती, याचा एक जुना ठोकताळा आहे. होडीची पाण्याला टेकलेली लांबी फुटांत मोजा, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. २० फुटांना उत्तर येतं ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. १६ फुटांना साधारण ५.४ नॉट. तुम्ही ५ एचपीची मोटर लावा किंवा १५ची, या आकड्याच्या फार पुढे होडी जात नाही. जास्तीची ताकद फक्त मागची लाट मोठी करते.

मग किती एचपी घ्यायची? खलाशी टनामागे ४ एचपी असा हिशेब सांगतात, आणि तो पुरेसा बरोबर आहे. शर्यतींत दिसणारी जे-२४ ही होडी साधारण १,४०० किलोची, पाण्यातली लांबी २० फूट. तिला साडेपाच-सहा एचपी येतात. शांत पाण्यात ती याच्या निम्म्या ताकदीतही चार-साडेचार नॉटने आरामात चालते. उरलेली ताकद समोरून वारा आणि उलटा प्रवाह एकदम आले, तर त्या वेळेसाठी राखीव असते. जो म्हणतो की मला अडीच एचपी पुरते आणि जो म्हणतो की सहाच्या खाली जाऊ नका, ते दोघंही खरं बोलत असतात. पहिला तळ्यात होडी चालवतो, दुसरा ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडातून आत येतो.

पंख्याकडे फारसं कोणी बघत नाही, आणि मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते. पंखा एका फेऱ्यात, तो घट्ट पदार्थातून स्क्रूसारखा जात असता तर, जितका पुढे सरकला असता त्या अंतराला पिच म्हणतात. आठ इंच पिचचा पंखा मिनिटाला २,३०० फेरे घेत असेल, तर हिशेबाने तो सुमारे १५ नॉटने पुढे जायला हवा. आपली होडी जाते साडेपाच नॉटने. बाकीचं पाणी पंखा नुसतं मागे फेकतो. त्यातून दोन गोष्टी होतात. ताकद वाया जाते, आणि इंजिनावर इतका भार पडतो की थ्रॉटल पूर्ण उघडूनही ते आपल्या पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोचत नाही. भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढवावी तसा हा प्रकार आहे. कमी पिचचा, शक्य असेल तर मोठ्या व्यासाचा पंखा लावला की तीच मोटर वेगळी वाटू लागते. वाऱ्याविरुद्ध होडी पुढे सरकते, आणि रिव्हर्समध्ये टाकल्यावर धक्क्याच्या आधी थांबते. "या कंपनीच्या मोटरमध्ये दमच नाही" असं कोणी म्हणालं, की मी पहिल्यांदा विचारतो, पंखा कुठला आहे?

यामाहाने हा प्रश्न गिअरमध्येच सोडवला. तिची साधी ९.९ एचपीची मोटर २.०८ च्या गिअरवर चालते, म्हणजे इंजिनाच्या २.०८ फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा. जास्त जोराची टी ९.९ ही मोटर २.९२ वर. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर पहिलीचा पंखा २,४०० च्या आसपास फिरतो आणि दुसरीचा १,७०० च्या. फेरे कमी, पण पंखा मोठा. शिवाय तिच्या पंख्याची रचना अशी आहे की रिव्हर्समध्ये इंजिनाचा धूर पंख्याच्या पात्यांत शिरत नाही. एरवी बहुतेक मोटरींचा धूर पंख्याच्या मधल्या नळीतून बाहेर पडतो, आणि रिव्हर्समध्ये पंखा पाण्याऐवजी बुडबुडेच कापत बसतो. पंचवीस फुटांच्या पुढच्या जड होड्या असणारे लोक या मोटरीचं इतकं कौतुक का करतात, ते यावरून कळतं. मात्र ती ४५ किलोच्या पुढे जाते, त्यामुळे लहान होडीच्या शेपटाला तिचा भार सोसत नाही.

शाफ्ट आखूड असेल तर बाकी सगळं व्यर्थ

छोट्या मोटरींचे शाफ्ट तीन मापांत येतात: १५, २० आणि २५ इंच. पहिला रबरी किंवा सपाट बोटीसाठी. शिडाच्या होडीला किमान २०, आणि मागची फळी उंच असेल तर २५.

यात घोटाळा असा होतो की लोक होडी धक्क्याला शांत उभी असताना माप घेतात. तेव्हा पंखा पाण्यात छान बुडालेला दिसतो. मग बाहेर लाट येते, होडी पुढे-मागे डुलू लागते, आणि मागची बाजू वर गेली की पंखा हवा ओढतो. इंजिन एकदम किंचाळतं, होडीचा वेग जातो, सुकाणू ढिलं पडतं. सगळ्यात वाईट वेळ कोणती? तुम्ही किंवा तुमचा सोबती शीड उतरवायला किंवा नांगर टाकायला नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला जातो ती. एका माणसाचं वजन पुढे गेलं की छोट्या होडीची शेपटी उचलली जाते, आणि नेमकी तेव्हाच मोटरची गरज असते.

म्हणून माप घेताना एका माणसाला पुढे उभं करा. मोटर जिथे अडकवायची त्या ब्रॅकेटच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी त्या अवस्थेतही पाण्याखाली काही सेंटीमीटर राहिली पाहिजे. वरखाली होणारा ब्रॅकेट असेल तर तो पूर्ण खाली असताना मोजा. मोटर फारच खाली गेली तर मागून येणारी लाट इंजिनाच्या डोक्यावर येईल, हेही बघा.

आखूड शाफ्टच्या मोटरीला कोणीही चांगलं म्हणत नाही, मग ती कुठल्याही कंपनीची असो. अशा मताला ब्रँडबद्दलचं मत समजू नका.

कव्हराखाली कोण आहे

आता नावांकडे येऊ. तोहात्सु ही जपानी कंपनी १९५६ पासून आउटबोर्ड बनवते. १९८८ साली तिने मर्क्युरीची मालक असलेल्या ब्रन्सविक या अमेरिकन कंपनीबरोबर संयुक्त कंपनी काढली. तेव्हापासून मर्क्युरीच्या लहान मोटरी, अगदी ३० एचपीपर्यंतच्या फोर-स्ट्रोकसुद्धा (पेट्रोलमध्ये तेल न मिसळता चालणाऱ्या), तोहात्सुकडून येत आल्या आहेत. अमेरिकेत निसान या नावाने विकल्या गेलेल्या आउटबोर्ड याच कंपनीच्या. मरीनर म्हणजे, निदान नंतरच्या काळात, मर्क्युरीच वेगळ्या रंगात. एव्हिनरूडच्या नावाने आलेल्या शेवटच्या काळातल्या लहान फोर-स्ट्रोकही तोहात्सुच्याच होत्या. हे उलट दिशेनेही घडतं. तोहात्सुच्या नावाने विकल्या गेलेल्या काही मोठ्या मोटरी होंडाने बनवलेल्या आहेत, आणि जॉन्सनच्या नावावरच्या अनेक फोर-स्ट्रोक सुझुकीच्या होत्या.

म्हणजे एक खलाशी मर्क्युरी ६ ला शिव्या घालतो आणि दुसरा तोहात्सु ६ ची आरती ओवाळतो, तेव्हा दोघंही बव्हंशी त्याच १२३ सीसीच्या एका सिलिंडरच्या इंजिनाबद्दल बोलत असतात. फरक असतो तो पंख्याचा, विक्रेत्याचा, सोबत मिळणाऱ्या वस्तूंचा आणि किमतीचा. हे फरक खरे आहेत, खरेदी करताना महत्त्वाचेही आहेत, पण ते यंत्राचे नाहीत.

आणखी एक गोष्ट विक्रेते आपण होऊन क्वचितच सांगतात. ४, ५ आणि ६ एचपीच्या मोटरी बहुतेक कंपन्यांत एकच इंजिन असतात. तोहात्सुत १२३ सीसी, होंडात १२७, सुझुकीत १३८, यामाहात १३९. ताकद कमी-जास्त केली जाते ती मुख्यतः हवा आणि पेट्रोल किती आत जाऊ द्यायचं यावर. वजन जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणून ४ घेऊन वजन वाचेल ही आशा ठेवू नका. किमतीत मोठा फरक नसेल तर ६ घ्या. ९.९ हा विचित्र आकडाही असाच. अनेक तळ्यांवर दहा एचपीची मर्यादा असते, त्या रेषेच्या आत राहायला तो जन्मला.

कोणाची कशासाठी ख्याती

होंडाने १९६४ साली पहिली आउटबोर्ड बाजारात आणली, आणि तीही फोर-स्ट्रोक. तेव्हा बाकी जवळजवळ सगळे टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या मोटरी बनवत होते. शांत, तेल न मिसळता चालणारी, टिकाऊ ही तिची ओळख तिथून आली. शिडाच्या होडीवाल्यांत तिची बीएफ २.३ विशेष प्रसिद्ध आहे. हिचं इंजिन हवेने थंड होतं. त्यामुळे पाणी ओढणारा पंप नाही, त्यातलं रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारी चकती) नाही, आतून गोड्या पाण्याने धुण्याची गरज नाही. क्लच आपोआप लागतो. थ्रॉटल खाली असेल तर पंखा फिरत नाही, म्हणून चालू करताना होडी पुढे उडी मारत नाही. वजन साडेतेरा किलोच्या आसपास. बदल्यात आवाज सहन करावा लागतो. कानाशी बसून अर्धा तास चालवली की बोलणं बंद होतं. जो माणूस बंदराबाहेर पडायला दहा मिनिटं मोटर लावतो त्याला ही लाडकी, आणि जो वारा पडल्यावर दोन तास मोटरीवर परततो त्याला नको झालेली. दोघांचं मत एकाच गुणामुळे बनलेलं आहे.

सुझुकी १९६५ पासून या धंद्यात आहे. तिच्या लहान मोटरींचं कौतुक वजनासाठी होतं. सहा एचपीची आखूड शाफ्टची मोटर २४ किलोच्या आसपास बसते, तर इतरांच्या त्याच ताकदीच्या २५ ते २७. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण डुलणाऱ्या होडीवर, फळीवरून वाकून, एका हाताने आधार धरून मोटर ब्रॅकेटवर बसवायची असते, तेव्हा ते दोन-तीन किलो फार मोठे असतात. तिच्या ९.९ च्या एका मॉडेलमध्ये पेट्रोल कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने जातं आणि त्याला बॅटरीही लागत नाही. दोरी ओढली की त्याच ओढीतून लागणारी वीज तयार होते. या सोयीचं मोल पुढे कार्बोरेटरबद्दल वाचल्यावर कळेल.

तोहात्सुने मात्र शिडाच्या होडीवाल्यांचं ऐकून त्यांच्यासाठी म्हणून एक मोटर बनवली. सेल प्रो ही सहा एचपीची मोटर २५ इंची शाफ्ट, जोर देणारा पंखा आणि बॅटरी चार्ज करणारं १२ व्होल्टचं पाच अँपिअरचं जनित्र घेऊनच येते. पाच अँपिअर म्हणजे फार नाही, पण दिवे आणि खोली मोजणारं यंत्र चालवून संपलेली बॅटरी थोडीफार भरून निघते. इतर कंपन्यांच्या मोटरींवर हेच तीन भाग वेगळे मागवायला गेलात तर वेळ आणि पैसे दोन्ही जातात. वीस-बावीस फुटी होडीचा मालक मला विचारतो, तेव्हा मी पहिलं नाव हिचं घेतो. इंजिन इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे असं नाही. वस्तू कामाला बेतून बनवली आहे, म्हणून. तोहात्सुची ९.८ ही दोन सिलिंडरची मोटर आणखी जड होड्यांवर दिसते. ३७ किलोच्या आसपास वजनामुळे ती यामाहाच्या टी ९.९ पेक्षा हाताळायला बरीच सोपी.

यामाहाने पहिली आउटबोर्ड १९६० साली काढली. टी ९.९ सोडली तर तिच्या लहान मोटरींबद्दलची बहुतेक स्तुती खरं तर तिच्या विक्रेत्यांच्या जाळ्याची असते. तीही काही कमी मोलाची गोष्ट नाही. लांबच्या सफरीवर निघालेल्या माणसाला अनोळखी बंदरात इम्पेलर मिळणं म्हणजे काय, हे तोच जाणे.

पार्सन, हिडिया या चिनी कंपन्यांच्या मोटरी स्वस्त असतात आणि रचनेने जुन्या जपानी मोटरींच्या वळणावर जातात. समाधानी लोकही भेटतात, पस्तावलेलेही. इथे मी फक्त एक प्रश्न विचारेन: भाग कोण देणार? उत्तर ठाम असेल तर घ्या.

आणि एव्हिनरूड. १९०९ साली ओले एव्हिनरूड यांनी बनवलेल्या मोटरीने हा धंदा खऱ्या अर्थाने उभा केला. २०२० साली तिचं उत्पादन बंद झालं. जुनी मिळाली तर भागांची चौकशी आधी.

कार्बोरेटर नावाचा खरा खलनायक

छोट्या मोटरींबद्दलच्या तक्रारी गोळा केल्या तर एक तक्रार सगळ्या कंपन्यांत सारखी सापडते. मोटर चोक ओढला की चालू होते, चोक आत ढकलला की बंद पडते. किंवा कमी वेगावर टिकत नाही, थ्रॉटल दिला की खोकते. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: कार्बोरेटरमधला कमी वेगाचा जेट तुंबला आहे.

हा जेट म्हणजे पितळेच्या तुकड्यातलं अर्ध्या मिलिमीटरहून बारीक छिद्र. मोटर बंद केल्यावर कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल उरतं. त्यातला हलका भाग उडून जातो, मागे चिकट थर राहतो, आणि तो थर नेमका या छिद्रात बसतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर आणखी एक भर. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी पुरेसं जमलं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पेट्रोल ओढणारी नळी तळाशीच असते.

हा त्रास शिडाच्या होडीलाच जास्त का, हे समजून घेण्यासारखं आहे. मासेमारीच्या बोटीची मोटर रोज तासन् तास चालते. तिच्यातलं पेट्रोल सतत ताजं राहतं. आपली मोटर धक्क्यापासून मोकळ्या पाण्यापर्यंत दहा मिनिटं चालते, येताना दहा मिनिटं, आणि मग तीन आठवडे तशीच लटकते. चांगला खलाशी तर मोटर आणखीच कमी वापरतो. त्यामुळे ज्याला वाऱ्यावर धक्क्याला लागता येतं त्याच्याच मोटरीचा कार्बोरेटर आधी तुंबतो. आणि तो म्हणतो, ही कंपनी बेकार.

उपाय साधा आहे, फक्त तो दर वेळी करायचा असतो. परत आल्यावर पेट्रोलचा नळ बंद करा आणि मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मात्र तेव्हा मोटर आता बंद पडणार हे लक्षात ठेवून होडी आधी बांधा. एवढं करूनही वाटीत थोडं पेट्रोल राहतं, म्हणून जास्त दिवस वापर नसेल तर वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेलं भांड्यात काढून घ्या. टाकीतलं पेट्रोल महिन्याभरात वापरून टाका. शक्य नसेल तर पहिल्या दिवशीच त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं द्रव्य) घाला, जुनं झाल्यावर नव्हे. पाणी वेगळं करणारा फिल्टर बाहेरच्या टाकीच्या नळीवर बसवा. मोटर फक्त मंद वेगावर चालवू नका. इंजिन कधी पुरतं तापलंच नाही, तर प्लगवर काजळी धरते आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरून तेल पातळ होतं. दर सफरीत दहा-पंधरा मिनिटं तिला दमदार चालू द्या.

इंजेक्शनच्या मोटरीत असा उघडी वाटी असलेला कार्बोरेटर नाही, म्हणून हा त्रास खूपच कमी. पण पाच-सहा एचपीच्या मोटरी बहुतांशी कार्बोरेटरवरच चालतात. तोहात्सुने पाच एचपीची एक मोटर पेट्रोलऐवजी एलपीजीवर चालणारी केली आहे. एलपीजी शिळा होत नाही, जेटमध्ये चिकटा धरत नाही. महिनोन् महिने पडून राहणाऱ्या मोटरीला याहून योग्य इंधन सुचणार नाही. फक्त हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळला तर होडीच्या बुडाशी साचतो. म्हणून टाकी बाहेर, मोकळ्या हवेत ठेवायची, यात सवलत नाही.

बाकीची निगा थोडक्यात. मोटर चालू केली की मागून पाण्याची बारीक धार पडते का ते बघा. धार नसेल तर लगेच बंद. इम्पेलर वर्ष-दोन वर्षांनी बदला. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. मोटर वर उचलून ठेवा, आणि ऍनोड (गंज स्वतःवर घेणारा धातूचा तुकडा) अर्धा झिजला की नवा बसवा. मोटर आडवी ठेवायची असेल तर फोर-स्ट्रोक कुठल्या कुशीवर ठेवायची ते तिच्यावर लिहिलेलं असतं. दुसऱ्या कुशीवर ठेवली तर तेल सिलिंडरमध्ये जातं.

जुन्या मोटरींचं प्रेम

मुरलेले खलाशी अजून टू-स्ट्रोकची आठवण काढतात. हलकी, भाग कमी, कशीही आडवी टाका. पण जुन्या टू-स्ट्रोकमधून पेट्रोलचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त न जळताच बाहेर पडायचा, थेट पाण्यात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ साली यावर नियम आणले आणि २००६ पर्यंत ते टप्प्याटप्प्याने कडक केले. युरोपनेही तेच केलं. हा बदल योग्य होता असं मला मनापासून वाटतं. ज्या पाण्यावर आपण आनंदासाठी जातो त्यात पेट्रोल सांडत जाणं बरोबर नाही.

तरी ब्रिटिश सीगलचं नाव घ्यायलाच हवं. १९३१ पासून बनू लागलेली ही मोटर दिसायला ओबडधोबड आणि धुरकट, पण मोठा पंखा हळू फिरवून जड होडी ढकलायची, हे तत्त्व तिने फार आधी ओळखलं होतं. १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं.

विजेच्या मोटरी

जर्मनीची टोर्कीडो २००५ साली सुरू झाली. २०२४ साली ती यामाहाने घेतली. हाँगकाँगची ईप्रोपल्शन २०१२ची. दोघींच्या एक किलोवॅटच्या मोटरी लहान होड्यांवर आता नेहमी दिसतात. पंखा मोठा आणि संथ, म्हणून त्यांचा जोर तीन एचपीच्या पेट्रोल मोटरीशी बरोबरी करतो असं कंपन्या सांगतात, आणि कमी वेगावर खलाशांचा अनुभवही त्याच्या जवळपास जातो.

मर्यादा बॅटरीची. ईप्रोपल्शनच्या स्पिरिट १.० प्लसची बॅटरी १,२७६ वॅट-तासांची. पूर्ण ताकदीवर म्हणजे १,००० वॅटवर ती सव्वा तास चालते. २५० वॅटवर उतरलात तर पाच तास. उलट एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९,००० वॅट-तास ऊर्जा असते. लहान इंजिनाने त्यातला पाचवा हिस्सा जरी पंख्यापर्यंत पोचवला तरी १,८०० होतात. म्हणजे एका बाटलीतलं पेट्रोल अख्ख्या बॅटरीला मागे टाकतं.

मग विजेची मोटर कोणासाठी? जो धक्क्यापासून मोकळ्या पाण्यापर्यंतच मोटर लावतो त्याच्यासाठी. वर सांगितलेला कार्बोरेटरचा सगळा पाढा त्याच्या आयुष्यातून जातो. बटण दाबलं की चालू, रिव्हर्स लगेच, आवाज जवळजवळ नाही, बॅटरी आणि मोटर वेगळी करून उचलता येते. या मोटरींबद्दल वाईट मत देणारे मुख्यतः दोन प्रकारचे असतात: प्रवाहाविरुद्ध तासभर झगडावं लागलेले, आणि पडद्यावर बिघाडाचा कोड दिसून मोटर थांबलेले. दुसऱ्या अडचणीवर खलाशी स्वतः काही करू शकत नाही, पाना-पकड उपयोगी पडत नाही. लांब जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

मत ऐकताना विचारायचे प्रश्न

कोणीही कुठल्याही मोटरीची स्तुती किंवा निंदा केली की मी त्याला विचारतो: तुझी होडी किती वजनाची? शाफ्ट किती इंची? एका वेळी मोटर किती वेळ चालवतोस, आणि मधे किती दिवस पडून असते? दुरुस्ती कोण करतं? या चार उत्तरांतून त्याचं मत तुमच्या उपयोगाचं आहे की नाही ते कळतं. त्याची होडी तुमच्यासारखी आणि वापर तुमच्यासारखा असेल, तर त्याचं एक वाक्य दहा तज्ज्ञांच्या कोष्टकांपेक्षा मोलाचं. नसेल तर ऐका, आभार माना आणि पुढे जा.

वापरलेली मोटर घेताना नाव आणखी मागे पडतं. ती थंड असताना बघायला जा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. चोक काढल्यावर मंद वेगावर दोन-तीन मिनिटं टिकते का, पाण्याची धार जोरात आणि सतत पडते का, गिअर पुढे-मागे स्वच्छ पडतो का, हे बघा. खालच्या गिअरपेटीचा स्क्रू सैल करून तेलाचे चार थेंब बाहेर येऊ द्या. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे, म्हणजे सील गेली आहे. ती दुरुस्ती होते, पण तिचे पैसे किमतीतून वजा व्हायला हवेत. आणि निघण्यापूर्वी शाफ्टला टेप लावा. जाहिरातीत लांब शाफ्ट लिहिलेलं असतं, आणि तो वीस इंची आहे की पंचवीस, हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं.